घरचा हात आणि विक्रीचा पदार्थ

(मंडळाच्या महिला शाखेच्या वार्षिक संमेलनात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी वक्ती नव्हे. गेली काही वर्षे घरच्या घरी केक, बिस्किटे व नानकटाई करून विकण्याचा एक लहानसा व्यवसाय मी करीत आहे, एवढीच माझी योग्यता. घरगुती बेकरीचा उद्योग कसा सुरू करावा आणि त्यासंबंधीचे अन्नसुरक्षेचे नियम कसे पाळावेत, हा विषय मला नेमून देण्यात आला आहे. आपल्या अनेक घरांतील मुली व सुना हा उद्योग करू इच्छितात. कित्येकींनी तो सुरूही केला आहे. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा मी काय शिकले, आणि विशेषतः कोठे चुकले, हे सांगणेच अधिक उपयुक्त होईल असे मला वाटते.

आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना दिवाळीपूर्वीची बेकरीची भट्टी आठवत असेल. घरून रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून न्यावयाचे, बेकरीवाल्याकडून नानकटाई भाजून घ्यावयाची, आणि आपल्या नावाचा डबा दुसऱ्याच्या डब्यात मिसळू नये म्हणून भट्टीपाशी डोळ्यांत तेल घालून उभे राहावयाचे, हा त्या दिवसांतील एक सोहळाच असे. माझ्या सासूबाई भट्टीतून निघालेले पत्रे मोजून घेत असत. साहित्य आपले, हात बेकरीवाल्याचे, आणि खाणारी माणसे आपल्याच घरची, अशी ती व्यवस्था होती. आज भट्टीच आपल्या घरात आली आहे. ओव्हन आपला आणि हातही आपलेच; मात्र खाणारी माणसे परक्या घरची झाली आहेत. या एका बदलाने आपल्यावर केवढी जबाबदारी येऊन पडते, हे मला फार उशिरा कळले. ते कसे कळले, ती हकीकत आधी सांगते.

मी २०१७ च्या दिवाळीत हा व्यवसाय सुरू केला. पहिली गिऱ्हाइके अर्थातच आपल्या ज्ञातीतीलच होती. कोणी आत्याबाई, कोणी मामी, कोणी जावेच्या माहेरची माणसे. "घरचे आहे, काही काळजी नको," असे मी प्रत्येकीस सांगत असे, आणि ते मला मनापासून खरे वाटत असे. पुढे २०१८ च्या मे महिन्यात आपल्यापैकीच एका घरी नातवाचा पहिला वाढदिवस होता. त्यांनी ताजे क्रीम व आंबा घातलेला दोन किलोंचा केक सांगितला. मी तो दुपारी बारापर्यंत तयार केला. फ्रिजमध्ये घरातील दूध, भाजी व दुसऱ्या दिवशीचे पीठ भरलेले असल्यामुळे केक दोन तास टेबलावरच राहिला. नंतर भर उन्हात रिक्षाने तासाभराचा प्रवास झाला, आणि तेथे पाहुणे जमेपर्यंत तो सायंकाळी सातपर्यंत बाहेरच होता. सर्वांनी केकचे कौतुक केले. मलाही धन्यता वाटली.

त्यानंतर त्या घरून पुन्हा मागणी आली नाही. मला त्याचे विशेष वाटले नाही. श्रावणात एका मंगळागौरीला गेले असता तिसऱ्याच एका बाईंकडून मला कळले की, त्या रात्री त्या घरातील चौघांना उलट्या झाल्या होत्या, आणि वाढदिवसाचे मूलही दोन दिवस आजारी होते. मी तशीच उठून त्यांच्या घरी गेले. तेथील वहिनी मला म्हणाल्या, "अगं, आपल्याच माणसाला कसं बोलायचं? तुझा धंदा नुकता कुठे सुरू झाला होता."

भगिनींनो, हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही. त्यांनी मला दोष दिला असता तर मी रडले असते, पण शहाणी झाले असते. त्यांनी दोष दिला नाही, म्हणून मधल्या तीन महिन्यांत मी आणखी किती घरी तसाच केक पाठविला असेल, हे मला सांगता येत नाही. ती बाधा क्रीमने झाली की अंड्याने, की त्या दिवशीच्या दुसऱ्याच एखाद्या पदार्थाने, हेही मला कळू शकले नाही. क्रीमचा डबा कोणत्या तारखेचा होता, अंडी कोठून आणली होती, याची एका ओळीचीही नोंद मजपाशी नव्हती. आणि सरकारी नोंदणीही नव्हती. आपल्याच लोकांना देते, त्याला कसली आली नोंदणी, असे मला वाटत असे. आज माझे मत अगदी उलट झाले आहे. परका मनुष्य तक्रार करतो. आपला मनुष्य भिडेपोटी गप्प बसतो. म्हणून आपल्या माणसांना विकणाऱ्या बाईला नियमांची गरज अधिक आहे.

आता हे नियम कोणते, ते थोडक्यात सांगते. आपल्या देशात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला. त्याचे लक्ष मुख्यतः भेसळीवर होते. पुढे २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा संमत झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलात येऊन जुना कायदा मागे पडला. पदार्थ भेसळयुक्त नसावा एवढेच नव्हे, तर तो करणाऱ्याची जागा, पाणी, हात व साठवण हीही निर्दोष असावीत, हा नव्या कायद्याचा विशेष होय. त्याच्या दृष्टीने कारखाना चालविणारा मोठा मालक आणि स्वयंपाकघरात केक भाजून विकणारी गृहिणी, ही दोघेही अन्नव्यावसायिकच आहेत. फरक एवढाच की, मोठ्यास परवाना लागतो आणि लहानास नोंदणी पुरते. २०११ च्या नियमावलीने वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यास, म्हणजे सरासरी महिना एक लाखापर्यंत विक्री करणाऱ्यास, नोंदणीच्या वर्गात घातले आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. या मर्यादा व शुल्क वेळोवेळी बदलतात; तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशी चालू नियम पाहूनच तो भरावा. अर्ज केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. छायाचित्र, ओळखीचा पुरावा व जागेचा पुरावा ही मुख्य कागदपत्रे. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. नोंदणी झाली की चौदा अंकी क्रमांक मिळतो, आणि तो आपल्या डब्यावर व पावतीवर छापावयाचा असतो.

या नोंदणीस पुष्कळ भगिनी भितात. अधिकारी घरी येतील, शेजारी काय म्हणतील, अशी त्यांना शंका वाटते. मला विचाराल तर अधिकारी घरी यावेत अशीच आपली तयारी असावी. ज्या ओट्यावर त्यांना नेण्यास आपणांस संकोच वाटतो, त्या ओट्यावर परक्याच्या मुलाचा केक करण्याचा आपल्याला काय अधिकार? गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर तेथील कार्यकारी मंडळासही आधी कळवावे. आणि ओव्हन गॅसचा असेल तर घरगुती सिलिंडर व्यवसायास वापरता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी दिल्या आहेत. जागा स्वच्छ, उजेडाची व हवेशीर असावी. पाणी पिण्यायोग्य असावे. भिंती व ओटा धुता येण्याजोगे असावेत. उंदीर, झुरळे व माशा यांचा बंदोबस्त असावा. कच्चा व तयार माल वेगळा ठेवावा. नखे कापलेली व हात धुतलेले असावेत. संसर्गजन्य आजार असताना पदार्थास हात लावू नये. ही यादी वाचून आपल्यापैकी कित्येकजणी म्हणतील, "यात नवे ते काय? आमच्या घरी तर सोवळ्यात स्वयंपाक होत असे." भगिनींनो, येथे मला थोडे स्पष्ट बोलू द्या. आपल्या आज्यांचे हात, भांडी व ओटा यांविषयीचे कडक वळण खरोखर अनुकरणीय होते. परंतु त्या सोवळ्याने पुष्कळदा माणसे दूर ठेवली आणि जंतू मात्र घरातच राहिले. ओले सोवळे नेसून रांधणाऱ्या बाईस हगवण झाली असली, तरी ती स्वयंपाकघरात चाले. आणि निरोगी, स्वच्छ हातांचा परजातीचा मनुष्य मात्र उंबऱ्याबाहेर उभा राही. आजचा नियम कोणाची जात विचारत नाही. तो हात साबणाने धुतले की नाही, एवढेच विचारतो. आपल्या ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगताना मला यत्किंचितही संकोच वाटत नाही. माझ्याकडे मदतीस येणारी मुलगी आपल्या ज्ञातीची नाही, आणि हात धुण्याच्या बाबतीत ती माझी गुरू आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. ओव्हनमध्ये पदार्थ नीट भाजला गेला म्हणजे बहुतेक जंतू मरतात. धोका असतो तो त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर. आधीचा धोका कच्च्या अंड्यांचा व कच्च्या पिठाचा. म्हणून कच्चे मिश्रण चाखू नये व मुलांना चाटावयास देऊ नये. अंडी फोडल्यावर हात व भांडे लगेच धुवावे. नंतरचा धोका त्याहून मोठा, कारण गार झालेल्या केकला आपला हात, सुरी, पुसण्याचे फडके आणि क्रीम ही सर्व लागतात, आणि तो पुन्हा भाजला जात नाही. ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. मे महिन्यातील आपले स्वयंपाकघर बरोबर त्याच टप्प्यात असते. तेव्हा क्रीमचा पदार्थ ५ अंशांच्या खालीच राहिला पाहिजे. काही जंतू अन्नात वाढताना असे विष तयार करतात की, नंतर तो पदार्थ कितीही तापविला तरी ते विष जात नाही. माझ्या त्या केकचे काय झाले असावे, याचा विचार करताना हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

यास्तव नवशिक्या भगिनींना माझे सांगणे असे की, आरंभ क्रीमच्या केकने करू नये. नानकटाई, बिस्किटे, टोस्ट अशा कोरड्या पदार्थांनी करावा. त्यांत पाण्याचा अंश कमी असल्यामुळे ते लवकर बिघडत नाहीत, प्रवास सहन करतात, आणि चूक झाली तरी ती बहुधा चवीची असते, जिवावरची नसते. वर्षभर हात बसला, मागणी स्थिरावली, व्यवसायापुरता वेगळा फ्रिज व त्यात ठेवावयाचा तापमापक घेण्याइतके पैसे गाठीस आले, म्हणजे मग क्रीमकडे वळावे. आणि क्रीमचा केक नेण्यासाठी बर्फाच्या पिशव्या ठेवलेली पेटी नसेल, तर ती मागणी नम्रपणे नाकारावी. नाकारण्याने गिऱ्हाईक एक दिवस नाराज होते, इतकेच.

साहित्य घेतानाही डोळसपणा हवा. सुटा, बिननावाचा रंग किंवा इसेन्स कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. परवानगी असलेले रंगदेखील ठरलेल्या मर्यादेतच वापरावयाचे असतात. पाव लुसलुशीत व्हावा म्हणून पूर्वी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट २०१६ साली परवानगीच्या यादीतून काढून टाकण्यात आले. वनस्पती तूप व मार्गारीन यांतील ट्रान्स फॅट हृदयास घातक असल्यामुळे त्याचे प्रमाण जानेवारी २०२१ पासून ३ टक्क्यांवर व जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणण्यात आले. पदार्थ वर्तमानपत्राच्या कागदात बांधू नये. छपाईची शाई अन्नात उतरते, आणि नियमानेही त्यास मनाई आहे.

यानंतर डब्यावरील चिठ्ठी, म्हणजे लेबल. बंद करून विकल्या जाणाऱ्या पदार्थावर त्याचे नाव, घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणाची माहिती, निव्वळ वजन, करणाऱ्याचे नाव व पत्ता, नोंदणी क्रमांक, घाणा क्रमांक, केल्याची तारीख व वापरण्याची अखेरची तारीख ही माहिती असावी लागते. लहान व्यवसायास व लहान डब्यास यांपैकी काही बाबतींत सवलती आहेत. परंतु गहू, दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-बदाम, सोयाबीन यांसारख्या पदार्थांची सूचना ठळकपणे द्यावी, हे मी सर्वांत महत्त्वाचे मानते. एखाद्या मुलाला शेंगदाण्याचा कणही प्राणघातक ठरू शकतो. ज्या यंत्रात सकाळी शेंगदाणे दळले, त्याच यंत्रात न धुता बदामाची पूड केली, तर "यात शेंगदाणा नाही" हे आपले सांगणे खोटे ठरते.

अंड्याचेही तसेच आहे. आपल्या कायद्यानुसार अंडे घातलेला केक मांसाहारी वर्गात मोडतो. त्यावर हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ घालता येत नाही, तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण घालावा लागतो. आपल्या घरांतून अंडे खाणारे व न खाणारे एकाच पंक्तीस बसतात. एखाद्या आजीबाई हातात तुकडा घेऊन विचारतात, "यात अंडं नाही ना गं?" आणि यजमानीण, पाहुण्यांसमोर गोंधळ नको म्हणून, "नाही हो," असे सांगून मोकळी होते. त्या आजीबाईंचे सत्तर वर्षांचे व्रत आपल्या एका चिठ्ठीवर अवलंबून असते. म्हणून बिनअंड्याच्या केकसाठी माझी भांडी व रवी वेगळी आहेत, आणि डब्यावरची खूण मी स्वतः तपासल्यावाचून डबा घराबाहेर जात नाही.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधनाविषयी सांगते. ते म्हणजे एक साधी वही. प्रत्येक घाण्यास एक क्रमांक द्यावा, आणि त्यापुढे तारीख, साहित्य कोणत्या दुकानचे व कोणत्या तारखेचे, फ्रिजचे तापमान, आणि माल कोणाकडे गेला, हे लिहावे. त्यास पाच मिनिटे लागतात. २०१८ च्या मे महिन्यात मजपाशी ही वही असती, तर मला माझ्या चुकीचा माग काढता आला असता, आणि त्याच डब्यातील क्रीम गेलेल्या दुसऱ्या घरांना सावधही करता आले असते. याच वहीच्या मागील पानांवर हिशेब ठेवावा. साहित्य, वीज, डबे, वाहतूक, वाया गेलेला माल आणि आपल्या श्रमांचे तास हे सर्व किमतीत धरावे. जी बाई आपले श्रम फुकट धरते, ती पुढे फ्रिज, तापमापक व चांगले लोणी यांवरच काटकसर करू लागते. किंमत योग्य असणे हाही अन्नसुरक्षेचाच एक भाग आहे.

घरातील बायकांनी शिस्तीने केलेला उद्योग केवढा वाढू शकतो, हे आपल्या मुंबईने पाहिले आहे. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, आणि त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. तेथे पीठ केंद्रातून एकसारखे मिळते, लाटणे घरोघरी होते, आणि माल परत घेताना तो तपासला जातो. हात घरचाच, पण कसोटी सर्वांस एक. आपण त्यातून हेच घ्यावयाचे आहे.

शेवटी मंडळास माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली अशी की, मंडळाच्या कार्यक्रमांसाठी खाद्यपदार्थ घेताना, करणारी बाई आपल्या नात्यातील असो वा नसो, नोंदणी क्रमांक असेल तरच मागणी द्यावी. दुसरी अशी की, प्राधिकरणाच्या फॉसटॅक या कार्यक्रमांतर्गत अन्न हाताळणाऱ्यांना शिक्षण दिले जाते. त्याचा एक वर्ग महिला शाखेने आपल्या सभागृहात भरवावा आणि तो आपल्या ज्ञातीपुरता न ठेवता पेठेतील सर्व भगिनींना खुला ठेवावा. तिसरी विनंती येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबास आहे. आपल्यातील एखाद्या मुलीचा पदार्थ बिघडलेला निघाला, तर भिडेपोटी गप्प राहू नका. त्याच दिवशी तिला बाजूला बोलावून सांगा. तिचा धंदा बुडेल अशी भीती बाळगू नका. गप्प राहण्यानेच तो बुडतो, आणि त्यापूर्वी कोणाच्या तरी मुलाला बाधा होते.

त्या वहिनींच्या नातवाच्या पाचव्या वाढदिवसाचा केक त्यांनी पुन्हा मजकडूनच घेतला. मागणी देताना त्यांनी वही आणावयास सांगितली आणि ती संपूर्ण वाचूनच पैसे हातावर ठेवले. माझ्या धंद्यातील सर्वांत मोठा मान मी तोच समजते.